सहाजणींचा गोफ

नाचणारी माणसे किती, यावर नाच कोणता ते ठरते. आमच्या वाडीतली निम्मी घरे मुंबईला गेली. श्रावणात मंगळागौर जागवायला जेमतेम सहा-सातजणी उरतो. लेझीम ही गर्दीची शोभा! १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात ती शेकडोंनी खेळली. सहाजणींची रांग डोळ्यांत भरत नाही. फुगडीला दोघी पुरतात, पण बाकीच्या नुसत्या बघत राहतात.

म्हणून मी गोफ निवडते. आढ्याला टांगलेल्या दोऱ्यांची टोके धरून तिघी उजवीकडे, तिघी डावीकडे निघतात. समोरून येणाऱ्या एकीच्या आतून, दुसरीच्या बाहेरून गेले की वीण पडते. उलट पावलांनी ती सुटते. मात्र संख्या सम हवी. सातवी आली तर गाणे तिच्याकडे.

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई म्हणते, “बी.ए. झालीस की तूही जाशील. मग पाचजणींनी काय खेळायचं गं?”

मी म्हटले, “चौघींचा गोफ, पाचवीचं गाणं.”

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “गाणं मी म्हणेन. तू जा.”

संख्या घटली म्हणून खेळ मोडू नये, हे खरे. पण विणीतली आपली जागा मोकळी करताना पाय जड होतोच.