गाडी ऐकंना झालीया

निपाणीत जुन्या पुणे-बेंगळूर रस्त्याला माझ्या मामांचं गॅरेज आहे. नुसता आवाज ऐकून ते इंजिनाचं दुखणं सांगतात. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तंबाखूची पोती वाहणारा एक बीएस-६ टेम्पो आला. मामांनी सायलेन्सरजवळचा सेन्सर बदलला, तोही कंपनीचाच, नवा. तरी पिवळा दिवा जाईना, गाडी वीसच्या वर पळेना. सेन्सर गाडीच्या संगणकात नोंदवावा लागतो म्हणे, आणि ते सॉफ्टवेअर फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. शेवटी टेम्पो ओढत बेळगावला नेला. तिथं लॅपटॉप जोडून दहा मिनिटांत काम झालं.

"दुखणं मी ओळखलो, औषध मी दिलो, आणि गाडी माझंच ऐकंना झालीया की गं!"

मी त्यांना सांगितलं, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगानं २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. पोलंडचंही सांगितलं. तिथं दुसऱ्या वर्कशॉपात दुरुस्त केलेल्या रेल्वेगाड्या सुरूच होईनात. 'ड्रॅगन सेक्टर' गटातल्या हॅकरांनी सॉफ्टवेअर उलगडलं, तर आत त्या वर्कशॉपांचे जीपीएस पत्ते! डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. 'नेवाग' कंपनीनं आरोप नाकारला, ते वेगळं.

मामांनी शांतपणे ऐकलं. मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला.

"तुम्हाला कॉलेजात असली कुलपं घालायला शिकवत्यात, का काढायला?"

मला बोलता येईना. मामा हात पुसत जुन्या जीपकडं वळले.