चार्टर शाळेत नाव घालावं का? लेकीच्या केजीच्या निमित्ताने

जर्सी सिटीतल्या आमच्या ओळखीच्या घरांमध्ये थंडी पडू लागली की एक प्रश्न हमखास कानावर येतो : ‘चार्टरचे फॉर्म भरले का?’ लेक चार वर्षांची होईपर्यंत या प्रश्नाकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. ती प्री-केला जात होती आणि तिथे सगळं छान चाललं होतं. फी नाही, वर्गात पंधराच्या वर मुलं नाहीत, एक प्रशिक्षित शिक्षिका आणि सोबत मदतनीस. हे आपोआप मिळालेलं नाही. ‘अ‍ॅबट विरुद्ध बर्क’ या गाजलेल्या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली आदेश दिला, की राज्यातल्या गरीब स्कूल डिस्ट्रिक्टांमधल्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांना चांगलं पूर्वप्राथमिक शिक्षण मोफत मिळालं पाहिजे. हडसनच्या काठावरचे काचेचे टॉवर बघून खरं वाटत नाही, पण जर्सी सिटी त्या गरीब डिस्ट्रिक्टांच्या यादीत आहे.

प्रश्न पुढचा होता. केजीला कुठे घालायचं? घराजवळची पब्लिक शाळा ठरलेली होती, पण तिचं नाव काढलं की लोकांचे चेहरे पडायचे. ‘चार्टरला ट्राय कर,’ एवढाच सल्ला. चार्टर म्हणजे काय, हे विचारलं की प्रत्येकाचं उत्तर निराळं. कुणी म्हणे ती प्रायव्हेट असते, कुणी म्हणे सरकारीच. कुणी सांगे हुशार मुलांनाच घेतात, तर कुणी सांगे तिथे शिक्षक टिकत नाहीत. सगळेच छातीठोकपणे बोलत होते आणि माझं डोकं गरगरत होतं. शेवटी नवरा म्हणाला, ‘आपणच बसून वाचू या.’

वाचलं ते असं. अमेरिकेतला पहिला चार्टर कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ साली केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. गंमत म्हणजे ही कल्पना १९८८ साली देशभर पोहोचवणारे अल्बर्ट शँकर शिक्षकांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. शिक्षकांनी स्वतः नवे प्रयोग करावेत आणि त्यातलं जे जमेल ते बाकीच्या शाळांनी उचलावं, असं त्यांना वाटत होतं. पुढे चार्टर वेगळ्याच वाटेने गेल्या आणि शँकरच त्यांचे टीकाकार झाले. न्यू जर्सीचा कायदा १९९५चा. इथे चार्टरला परवानगी राज्याचे शिक्षण आयुक्त देतात, आधी चार वर्षांसाठी आणि मग दर खेपेला पाच वर्षांसाठी. निकाल किंवा कारभार बरा नसेल तर परवाना जातो. फी घेता येत नाही. हुशारी बघून किंवा इंग्रजी येत नाही म्हणून मूल नाकारता येत नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते. शिकणाऱ्या मुलांच्या भावंडांना प्राधान्य देता येतं.

हे सगळं मी व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांना सांगत होते. ते साताऱ्याकडे रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे आपल्या अनुदानित शाळेसारखंच की गं. संस्था वेगळी, पैसा सरकारचा.’

‘हो बाबा, बरंचसं तसंच.’

‘मग मास्तरांचा पगार कोण ठरवतं? सरकारी वेतनश्रेणी आहे का संस्था देईल तो?’

मला माहीत नव्हतं. शोधल्यावर कळलं की चार्टरच्या शिक्षकांना बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्टच्या युनियनचा करार लागू नसतो. पगार आणि कामाचे तास शाळेचं संचालक मंडळ ठरवतं. हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, ‘तर मग एकच विचार त्यांना. गेल्या वर्षीचे मास्तर यंदा किती आहेत?’

इतके दिवस मी वेबसाइटवरचे फोटो आणि घरं विकणाऱ्या साइटींवरचे दहापैकी गुण बघत होते. विचारण्यासारखा पहिला नेमका प्रश्न मला साताऱ्याहून मिळाला.

शाळा पालकांना वर्ग दाखवायला बोलावतात, त्या ओपन हाउसना जायला लागलो. पहिल्या शाळेत स्वागत झकास होतं. भिंतींवर विद्यापीठांचे झेंडे, आणि केजीच्या वर्गाला ‘ही मुलं अमुक साली कॉलेजला जाणार’ म्हणून त्या सालाचंच नाव. कॉरिडॉरमध्ये जमिनीवर निळी टेप चिकटवलेली होती आणि मुलं त्या टेपवरून एकामागे एक, हात पाठीशी बांधून, चिडीचूप चालली होती. एका मुलाच्या बुटाची नाडी सुटली. तो बाजूला होऊन खाली बसला. शिक्षिकेने आवाज न चढवता दोन बोटं वर केली, तशी ती नाडी तशीच ठेवून तो पुन्हा रांगेत शिरला. वर्गात वाचन मात्र फार सुरेख चाललं होतं. पाच वर्षांची मुलं अक्षरं जोडून सफाईने शब्द वाचत होती आणि एकाही मुलाचं लक्ष इकडेतिकडे नव्हतं. माझ्या शेजारी उभी असलेली एक आई भारावून बघत होती. मला म्हणाली, ‘माझा मोठा मुलगा तिसरीत गेला तरी धड वाचत नव्हता. मला अशीच शाळा हवी.’ तिचं बोलणं मी विसरू शकले नाही. मला त्या रांगेत माझी बडबडी लेक दिसेना, आणि तिला तीच रांग आधाराची वाटत होती. दोघींचं म्हणणं आपापल्या जागी खरं होतं.

बाबांचा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर आलं, ‘आमची टीम तरुण आणि उत्साही आहे.’ आकडा काही मिळाला नाही.

दुसरी चार्टर एका जुन्या चर्चशाळेच्या इमारतीत भाड्याने होती. न्यू जर्सीत चार्टरला इमारत बांधायला डिस्ट्रिक्टसारखा सरकारी पैसा मिळत नाही, त्यामुळे असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. जिम, जेवणाची जागा आणि सभागृह एकाच खोलीत. मैदान म्हणजे जाळी लावलेला पार्किंगचा तुकडा. पण वर्गात चार-चार मुलं टेबलाभोवती वालाची रोपं मोजत होती. फूटपट्टी उलटी धरलेल्या मुलीला शिक्षिकेने ‘चुकलं’ म्हटलं नाही. ‘शून्य कुठे आहे गं?’ एवढंच विचारलं आणि ती पट्टी फिरवेपर्यंत थांबली. इथे बाबांच्या प्रश्नाला प्रिन्सिपॉलनी थेट उत्तर दिलं : यंदा दोन शिक्षक गेले, दोघेही डिस्ट्रिक्टमध्ये, चांगल्या पगारावर. त्यांच्या या सरळपणाने विश्वास बसला. ‘घरी मराठी बोलतो, इंग्रजी तिला प्री-केमध्येच जेमतेम यायला लागलंय,’ असं मी सांगितलं, तेव्हा मात्र त्या म्हणाल्या की इंग्रजीचा आधार देणारी शिक्षिका आठवड्यातले काही तासच येते.

दरम्यान आणखी एक गोष्ट हाती लागली. प्रत्येक शाळेत कुठल्या इयत्तेत किती मुलं आहेत, हे राज्याचं शिक्षण खातं दरवर्षी जाहीर करतं. एका रात्री लेक झोपल्यावर आम्ही ते तक्ते उघडून बसलो. एकाच वर्षाचा तक्ता बघून काही कळत नाही. एका तुकडीचा माग काढावा लागतो. गेल्या वर्षी तिसरीत किती होती, यंदा चौथीत किती, पुढे पाचवीत किती. एका नावाजलेल्या शाळेत हा आकडा वर्षागणिक उतरत गेला होता आणि रिकाम्या जागा भरलेल्या दिसत नव्हत्या. निकाल उत्तम होते, पण ते शेवटपर्यंत टिकलेल्यांचे होते. गेलेली मुलं का गेली, हे तक्ता सांगत नाही. कुणाचं घर बदललं असेल, कुणाला झेपलं नसेल. पण ‘मधल्या वर्गात जागा झाली तर भरता का?’ हा प्रश्न विचारायचा, हे त्या रात्री ठरलं.

मग वाटलं, संशोधक काय म्हणतात ते तरी बघू. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रेडो या केंद्राच्या २००९च्या अभ्यासात गणितात १७ टक्के चार्टर आसपासच्या पब्लिक शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के कमी आणि उरलेल्या ४६ टक्के तितपतच निघाल्या. त्यांच्याच २०२३च्या अहवालात चार्टरची मुलं वर्षाकाठी सरासरीने वाचनात १६ आणि गणितात ६ शालेय दिवसांच्या अभ्यासाइतकी पुढे दिसली. मला सर्वांत पटले ते सोडतीवर आधारलेले अभ्यास, कारण तिथे अर्ज सगळ्यांनीच केलेला असतो. नाव लागलं आणि नाही लागलं एवढाच फरक. पुढे नोबेल मिळालेले जोशुआ अँग्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बॉस्टनच्या चार्टरमध्ये शिकणाऱ्या मुलांची प्रगती लक्षणीय दिसली. पण सरकारसाठी झालेल्या २०१०च्या देशव्यापी अभ्यासात मिडल स्कूलच्या चार्टरचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. फरक होता तो मुलांमध्ये. जिथे गरीब घरची मुलं जास्त, त्या चार्टरमध्ये गणित सुधारलं. जिथे खात्यापित्या घरची मुलं जास्त, तिथे ते उलट घसरलं.

हे वाचून मी बराच वेळ गप्प होते. घरात पुस्तकं आहेत, रात्री गोष्ट वाचून दाखवायला दोघांपैकी एक जण तरी असतो. चार्टरमुळे ज्या मुलांचं आयुष्य खरोखर बदलतं, त्यांत माझी लेक बहुधा नाही. ओपन हाउसमध्ये भेटलेल्या त्या आईचा मुलगा मात्र असू शकतो. केजीच्या जागा मोजक्याच. माझा फॉर्म तिच्या फॉर्मच्या शेजारी पडणार होता.

पैशाचंही गणित समजून घेतलं. मूल चार्टरला गेलं की त्याच्या वाट्याच्या रकमेचा ९० टक्क्यांपर्यंतचा भाग डिस्ट्रिक्टला चार्टरकडे द्यावा लागतो. एकेका वर्गातून एक-दोन मुलं गेली म्हणून पब्लिक शाळेचा वर्ग बंद होत नाही, हीटिंगचं बिल कमी होत नाही. उलट चार्टरवाले म्हणतात, आम्ही त्याच शहराची मुलं कमी पैशात शिकवतो आणि भाडंही त्यातूनच भरतो. दोन्ही बाजू ऐकल्यावर मला कुणालाच खलनायक ठरवता आलं नाही. बाबांनी त्या आठवड्यात पुन्हा एक प्रश्न टाकला. ‘चार्टरचा परवाना गेला तर पोरं कुठं जातात?’

‘डिस्ट्रिक्टच्या शाळेत. त्यांना घ्यावंच लागतं.’

‘मग तुम्ही ती शाळा बघितली का?’

नव्हती बघितली. आम्हीच काय, आमच्या ओळखीत केजीची चर्चा करणाऱ्यांपैकी कुणीच आत पाऊल टाकलं नव्हतं. ऑफिसला फोन केला तर तिथल्या बाई सहज म्हणाल्या, ‘या की, सकाळी वर्ग बघता येईल.’ इमारत जुनी, जिन्याचा रंग उडालेला. केजीच्या वर्गात चार्टरपेक्षा मुलं जास्त होती आणि आवाजही. दारावर ‘या’ अशा अर्थाचे शब्द स्पॅनिश, अरबी, गुजराती आणि टागालोगमध्ये लिहिले होते. एक शिक्षिका कोपऱ्यात तीन मुलांना घेऊन चित्रांवरून इंग्रजी वाक्यं बनवून घेत होती. ती पूर्णवेळ याच कामाला आहे, असं कळलं. मी तेच सगळे प्रश्न विचारले. शिक्षक किती टिकतात? बहुतेक जण वर्षानुवर्षं इथेच आहेत. मध्येच आलेलं मूल घेता का? त्या बाई क्षणभर गोंधळल्या, कारण हा प्रश्न त्यांना पडतच नाही. मार्चमध्ये येवो की मे महिन्यात, मूल दारात आलं की घेतात. उणीही दिसली. संगीताचे तास कमी आहेत आणि वरच्या इयत्तांचे गणिताचे निकाल राज्याच्या सरासरीखाली आहेत. त्याबद्दल विचारल्यावर मुख्याध्यापिकेने झटकून टाकलं नाही. काय करतायत ते सांगितलं.

घरी आल्यावर नवरा आणि मी खूप बोललो. त्याला वालाची रोपं मोजणारा वर्ग मनापासून आवडला होता, मलाही. शेवटी ठरलं ते असं : चार्टरपैकी फक्त त्या एका शाळेत अर्ज करायचा, कारण तिथलं शिकवणं आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. आणि नाव घराजवळच्या शाळेत नोंदवायचं, नाइलाज म्हणून नाही, तर ती पसंत पडली म्हणून. नोंदणीच्या कागदांत घरची भाषा कोणती, हे विचारणारा फॉर्म असतो. ‘इंग्रजीच लिही, नाहीतर लेकीची चाचणी घेऊन तिला वेगळं बसवतील,’ असं मला दोघी-तिघींनी बजावलं होतं. मी मराठी लिहिलं. चाचणी झाली तर होऊ दे. कोपऱ्यातल्या त्या शिक्षिकेजवळ लेकीला बसवलं तर मला हवंच होतं.

सोडत ऑनलाइन निघाली. लेकीचं नाव प्रतीक्षायादीत बरंच खाली आलं. उन्हाळ्यात यादी सरकली आणि शाळेचा फोन आला, तेव्हा ठरवायला आम्हाला एक दिवस होता. घराजवळची शाळा पसंत होतीच, म्हणून आम्ही जागा सोडली. ती यादीतल्या पुढच्या मुलाकडे गेली.

आता नव्याने आलेल्या आया मला विचारतात, चार्टर चांगली की वाईट? मी म्हणते, देशात सुमारे ८,००० चार्टर आहेत. त्या सगळ्यांबद्दल एक उत्तर कुणाकडेच नाही. तुमच्या घराजवळच्या एका शाळेबद्दल मात्र उत्तर मिळू शकतं. शिक्षक किती टिकतात ते विचारा. एका तुकडीचा माग काढा. जागा झाली तर नवं मूल घेतात का ते बघा. वर्गात चुकलेल्या मुलाशी कसं बोलतात ते उभं राहून ऐका. आणि हे सगळं ज्या पब्लिक शाळेला नावं ठेवायची सवय लागली आहे, तिथेही जाऊन करा. त्यानंतर चार्टर निवडलीत तर आनंदाने निवडा. पण सगळ्यांची मुलं घेणारी शाळा आत न जाताच नाकारू नका.