समुद्र येणार होता

चौघांनी मिळून खेळायचा खेळ होता तो. नदीकाठी गाव वसवायचं, शेती करायची, रात्री जंगलातून येणाऱ्या जनावरांपासून ते राखायचं. नकाशाच्या पूर्वेला दाट धुकं होतं आणि त्याच्या कडेला गेलं की पाटी दिसायची, पुढचा भाग लवकरच. विक्रीच्या पानावर निर्मात्यांनी लिहिलं होतं, धुक्यापलीकडे समुद्र आहे, होड्या आहेत, बेटं आहेत आणि हे सगळं साधारण वर्षभरात मिळेल. त्या एका ओळीसाठी आम्ही चौघांनी तो घेतला. खेळाचं नाव इथे सांगत नाही.

चौघं म्हणजे मी, तात्यापाऱ्यातला माझा आतेभाऊ म्हणजे दादा, शंकरनगरची माझी मैत्रीण, आणि टिकरापाऱ्यात राहणारा दादाचा कॉलेजातला मित्र, ज्याला आम्ही सगळेच भैया म्हणायचो. दादा आणि मी मराठीत, बाकी सगळं हिंदीत, आणि भैया रंगात आला की छत्तीसगढीत. रायपूरच्या मे महिन्यात दिवसा घराबाहेर पाऊल टाकवत नाही, त्यामुळे रात्री जेवणं उरकली की आम्ही कानाला हेडफोन लावून बसायचो. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप चालू ठेवायचे, पंखा बंद. घामाने निथळत आम्ही त्या गावाला कुंपण घातलं. दादाने धरण बांधलं. मैत्रिणीने तर धुक्याच्या अगदी कडेला, अजून अस्तित्वात नसलेल्या समुद्रासाठी, लाकडी धक्का उभारून ठेवला.

अशा अर्धवट खेळाच्या विक्रीला अर्ली अ‍ॅक्सेस म्हणतात. स्टीम या दुकानाने मार्च २०१३ मध्ये ही सोय सुरू केली. निर्माता पुरा न झालेला खेळ विकतो, आलेल्या पैशावर आणि खेळणाऱ्यांनी दाखवलेल्या चुकांवर पुढचं काम करतो. स्टीम तिथे सरळ बजावतं की खेळ आज जसा आहे तसा आवडत असेल तरच घ्या, काही खेळ कधीच पुरे होणार नाहीत. पण त्याच पानावर निर्मात्याला एक प्रश्नही विचारलेला असतो, हे काम किती दिवस चालेल? आणि माणूस त्या प्रश्नाचं उत्तर वाचतो.

सुरुवातीचे महिने छान गेले. नवी पिकं आली, हरणं दगडात अडकून बसायची ते थांबलं. मग अपडेट विरळ होत गेले. पुढच्या भागांचा तक्ता होता, त्यातल्या तारखा एके दिवशी निघाल्या. नंतर तक्ताच निघाला. भैया रोज रात्री खेळात शिरताच विचारायचा, ‘‘आ गे का?’’ पुढे पुढे त्याने विचारणं सोडलं आणि मला तेच जास्त लागलं. दादाचा संताप वेगळा. तो म्हणायचा, ‘‘पैसे घेऊन पळाले गं ते. लिहून ठेव.’’

मी त्याच्याशी भांडायचे. मी एका छोट्या कंपनीत बिलिंगच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. कराचा एक दर बदलला तर जुनी बिलं कुठे कुठे बिघडतात, हे मला रोज दिसतं. खेळात तर जमीन, पाणी, हवा सगळं एकमेकांत गुंतलेलं. होडी आणायची म्हणजे लाटा आल्या, लाटांवर चौघांच्या पडद्यांचा मेळ आला. प्रोजेक्ट झॉम्बॉइड हा खेळ २०१३ पासून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आहे. त्याचं एक्केचाळिसावं बिल्ड डिसेंबर २०२१ मध्ये पक्कं झालं आणि बेचाळिसावं डिसेंबर २०२४ मध्ये, तेही कच्च्या रूपात, लोकांच्या हाती आलं. डेझीने मधेच खेळाचं इंजिन बदलायला घेतलं आणि पुरा व्हायला पाच वर्षं घेतली. सेव्हन डेज टू डाय २०१३ च्या डिसेंबरात विकायला आला, पहिली पक्की आवृत्ती जुलै २०२४ मध्ये. यांतलं कुणी पळालं नाही. रखडले, पण काम करत राहिले.

व्हॅलहाइमची गोष्ट तर मला फार जवळची वाटते. स्वीडनमधल्या पाच जणांचा खेळ, फेब्रुवारी २०२१ मध्ये आला आणि महिन्याभरात पन्नास लाख प्रती खपल्या. त्यांनी त्या वर्षासाठी चार मोठे भाग जाहीर केले होते. त्यातला एक होता जहाजांचा आणि समुद्राचा. खेळणारे एवढे वाढल्यावर आधी चुकाच निस्तराव्या लागल्या, पहिला भाग सप्टेंबरात आला आणि तो तक्ता मोडीत निघाला. समुद्राचा भाग त्या रूपात आलाच नाही. त्या चारांतलाच मिस्टलँड्स हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये आला. पाच माणसांनी एवढ्या गर्दीत दुसरं काय करायचं होतं? त्यांना मी दोष देत नाही.

पण दादाचा राग खोटा होता असंही मी म्हणणार नाही. उशीर मला समजतो, गप्प बसणं समजत नाही. हेडीस हा खेळही डिसेंबर २०१८ ते सप्टेंबर २०२० असा अर्धवट असतानाच विकला जात होता, आणि पुढचा मोठा अपडेट कधी, हे त्याच्या पहिल्याच पडद्यावर दिसायचं. तारीख पाळता येत नसेल तर ती विकू नये, एवढंच माझं मागणं. स्टीमकडे पैसे परत मागायचे तर दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असावं लागतं आणि चौदा दिवसांच्या आत मागावे लागतात. आमचं गाव त्या हिशेबाच्या पार पलीकडे गेलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या काही शे रुपयांचा प्रश्नच नव्हता. चौघं एकाच वेळी रिकामे असण्याचा काळ आयुष्यात थोडा असतो. निर्मात्याला वाटतं, खेळणारे थांबतील. खेळणारे थांबतातही, पण एकत्र राहत नाहीत.

दादाला हिंजवडीत नोकरी लागली. मैत्रीण बिलासपूरला गेली. भैया सिलतऱ्याच्या कारखान्यात लागला, आठवडाआड रात्रपाळी. गणपतीत चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात दादा भेटला तेव्हा आम्ही आरतीनंतर कितीतरी वेळ त्या धरणाबद्दलच बोलत उभे होतो.

समुद्र आला तो त्यानंतर. सुंदर होता, हे कबूल करायलाच हवं. भरती-ओहोटी होती, वारा फिरला की शीड फडफडायचं. पण नकाशा नव्याने घडवलेला असल्याने जुन्या गावात तो उगवत नव्हता. जुनी दुनिया सोडून नवी सुरू करा, अशी सूचना सोबत होती. तांत्रिकदृष्ट्या ती बरोबरच आहे, मीही ग्राहकांना असंच सांगते. दादा पुण्याहून आला, भैया पाळी संपवून आला. मैत्रीण आली नाही. तिच्या नव्या लॅपटॉपवर खेळ घातलेलाच नव्हता. आम्ही तिघं होडीत बसलो, एका बेटापर्यंत गेलो. भैयाला झोप अनावर झाली होती. परत तसे एकत्र बसलो नाही.

त्या रात्री मी खेळाच्या पानावर अभिप्राय लिहिला. समुद्र चांगला आहे, असं लिहिलं. वर्षभर सांगून तुम्ही किती गप्प राहिलात, हेही लिहिलं. आणि एका खेळाडूने तुमच्यासाठी धक्का बांधून ठेवला होता, तोही तुमच्या हिशेबात धरा, असं लिहिलं. उत्तर आलं नाही.

२०२५ पासून स्टीमवर एक बरी गोष्ट झाली आहे. अर्धवट खेळाला वर्षाहून अधिक काळ अपडेट मिळाला नसेल तर तसं त्याच्या पानावर दिसतं. मी ते पाहते, मग अपडेटांची यादी खालून वर वाचते. परवा शेतीचाच एक खेळ सापडला, दोघांचा. शेवटचा अपडेट अगदी ताजा, पुढच्या भागाबद्दल लिहिलेलं, ‘काम चालू आहे, तारीख सांगणार नाही.’ मी दोन प्रती घेतल्या आणि एक दादाला पाठवली.