पोवळ्यांच्या गावाला

मुलांनो, आजीच्या मंगळसूत्रातलं लालचुटुक पोवळं तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या भाऊबंदांनी बांधलेल्या जमिनीवर माणसं राहतात, शाळा भरतात, हे मी वर्गात शिकवायचो खरा. पण मलाच ते नीटसं पटत नसे! म्हणून एका सुट्टीत कोचीहून जहाजानं लक्षद्वीप गाठलं.

सकाळी कवरत्ती बेट दिसलं. कसं म्हणाल? निळ्या पाण्यावर नारळांची एक हिरवी रेघ. डोंगर नाही, टेकडी नाही. समुद्रापेक्षा जेमतेम दोन-चार मीटर उंच. लक्षद्वीपची सगळी बेटं मिळून जमीन भरते अवघी ३२ चौरस किलोमीटर. लाटा दूरवरच प्रवाळाच्या भिंतीवर फुटतात आणि आतलं खाजण ताटातल्या पाण्यासारखं शांत!

काचेच्या तळाच्या होडीतून खाली पाहिलं. कुठे फुलकोबीचे गड्डे, कुठे हरणाची शिंगं. झाडंझुडपं वाटतात ना? पण ते असतात इवलेसे मऊ प्राणी. पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ भाडेकरू म्हणून राहतं आणि उन्हावर अन्न तयार करून भाडं चुकवतं. रंगही बराचसा त्याचाच. जगातल्या समुद्रतळाचा एक टक्काही प्रवाळांनी व्यापलेला नाही, पण सागरी जीवांच्या सुमारे पाव जाती त्यांच्या आसऱ्याला असतात. पोपटमासा तर प्रवाळ कुरतडतो आणि त्याची वाळू करून मागून सोडतो. आपण ज्या पांढऱ्या वाळूवर चालतो, तिच्यात तीही असते, बरं का!

इथली कमाई म्हणजे नारळ आणि टुना, आपल्याकडचा कुपा. पण कुपा पकडायला आधी चिमुकले मासे लागतात. ते प्रवाळांच्या आसपास, खाजणात मिळतात. ते जिवंत ठेवून खोल समुद्रात नेतात, पाण्यात टाकतात, कुपे खायला झेपावले की गळानं भराभर वर ओढतात. प्रवाळ नाहीत तर चिमुकले मासे नाहीत, आणि मग चुलीवर भातही नाही. विहिरीचं गोडं पाणीसुद्धा खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगत असतं. भिंत खचून समुद्र आत शिरला, तर तेही खारट होईल.

आणि भिंतीवर संकट आहेच. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ शेवाळाला बाहेर काढतात आणि पांढरेफटक पडतात. लगेच मरत नाहीत, पण उपाशी राहतात. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली इथे असंच झालं. पाणी वेळेत निवलं तर काही सावरतात, पण वाढ इतकी सावकाश, की मोठ्या गोल प्रवाळाला वर्षात सेंटीमीटरभर वाढायचीही मारामार.

किनाऱ्यावर शिंगासारखा एक तुकडा सापडला. वर्गात दाखवायला म्हणून मी खिशात घातला. होडीवाल्या काकांनी पाहिलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “मास्टरजी, वो हमारी दीवार का पत्थर है.” प्रवाळ नेणं कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांनी नंतर सांगितलं. मी ओशाळलो आणि तुकडा होता तिथे ठेवून आलो.

परतल्यावर चौथीतली पोरं भोवती जमली. “गुरुजी, काय आणलंत?” मी मासमीनचं, म्हणजे उकडून, धुरी देऊन वाळवलेल्या कुप्याचं पुडकं सोडलं. वासानं अर्धा वर्ग खिडकीकडे पळाला!