पाण्याची रेघ

पुण्याच्या टीममधले चौघे आमच्या शिरोळच्या घरी दोन दिवस राहायला आले. सकाळी खिद्रापूर. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब, आणि वर मधोमध छताऐवजी गोल मोकळं आकाश. सगळे उताणे पडून फोटो काढत बसले. समोर नंदी नाही, तो कर्नाटकात येडूरला, हे एकाने गुगल करून बघितलंच. दुपारी नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम, मग बासुंदी. (दोन वाट्या. लपवत नाही.)

संध्याकाळी सोप्यात बसून म्हणाले, "इथे होमस्टे काढ रे." मी भिंतीवरची, खांद्याच्याही वरची रेघ दाखवली. ऑगस्ट २०१९.

आजी आतून म्हणाली, "पावण्यांस्नी ते कशाला दावतोयस? जेवाय बसा."

घर विकूया, हे तिला सांगायलाच मी आलो होतो. जेवायला बसलो.