मावा संपल्यावर

तीस वर्षं मी द्राक्ष बागायतदारांना एकच गोष्ट सांगत आलो : बागेत ढालकिडा दिसला की फवारणीचा पंप खाली ठेवा. निफाड-दिंडोरीकडे पिठ्या ढेकणावर आम्ही क्रिप्टोलीमस नावाचा ढालकिडा सोडायचो. मूळ ऑस्ट्रेलियाचा हा भुंगेरा भारतात आणला १८९८ साली. त्याची अळी पांढरी, लोकरीसारखी. तिलाच ढेकूण समजून कितीतरी जण चिरडायचे, आणि मी कळवळून थांबवायचो. परभक्षी कीटक कुठलाही असो, कुठूनही आणा, तो शेतकऱ्याचा मित्रच, असं मी छातीठोकपणे सांगायचो.

ते मी आता सांगत नाही.

मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. ऑक्टोबरात खिडकीच्या चौकटीत ढालकिड्यांचे पुंजके जमले. कुणी नारिंगी, कुणी लाल, कुणी काळेभोर आणि त्यावर लाल ठिपके. मी नातीला हौसेनं म्हणालो, "हे आपले मित्र बरं का." शेजारच्या आजी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "हे हार्लेक्विन. आमचे दोन ठिपक्यांचे कुठे गेले, ते यांना विचारा."

मला ते लागलं. मग वाचायला बसलो.

हार्लेक्विन मूळचा चीन, जपान, कोरिया, सैबेरियाकडचा. मावा खातो म्हणून अमेरिकेनं आणला, युरोपात तर तो विकला गेला. ब्रिटननं तो मुद्दाम सोडला नाही, तरी २००४ साली इसेक्समध्ये पोचलाच. पुढच्या पाच वर्षांत तिथला दोन ठिपक्यांचा ढालकिडा ४४ टक्क्यांनी घटला, बेल्जियममध्ये ३० टक्क्यांनी. मावा संपला की हार्लेक्विनची अळी इतर ढालकिड्यांची अंडी आणि अळ्या खाते. हार्लेक्विनच्या रक्तात एक सूक्ष्म परजीवी असतो. हार्लेक्विनचं स्वतःचं त्यानं काही बिघडत नाही, पण हार्लेक्विनची अंडी खाणारा दुसरा ढालकिडा त्यानं मरू शकतो. द्राक्षाच्या घडात दडून हार्लेक्विन रसात चिरडला गेला, तर वाइनची चव जाते. हे वाचताना मला आपले घड आठवले.

भरपूर खातो, काहीही खातो, कुठेही तगतो. मित्रकीटकाचे हेच गुण मी शिबिरांत बोटांवर मोजून सांगायचो. तिकडच्या स्थानिक किड्यांच्या मुळावर नेमके तेच आले.

म्हणून मी जैविक नियंत्रण सोडा म्हणत नाही. १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियातून नेलेल्या व्हेडालिया ढालकिड्यानं कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा खवलेकिडीपासून वाचवल्या. पुढे गॅलापागोस बेटांवर तीच खवलेकीड पसरली, तेव्हा शास्त्रज्ञांनी घाई केली नाही. व्हेडालिया बेटांवरचं आणखी काय खाईल, हे बंदिस्त जागेत तपासलं आणि मगच २००२ मध्ये तो सोडला. तो जवळजवळ त्या एकाच जातीच्या खवलेकिडीवर जगतो. त्याचं खाणं ठरलेलं आहे, म्हणून तो चालतो.

क्रिप्टोलीमसनं आपल्याकडे हार्लेक्विनसारखा उत्पात केलेला मी पाहिलेला नाही. पण खरं सांगायचं तर बागेबाहेर, बांधावरच्या झाडाझुडपांवर तो काय खातो, हे मी तीस वर्षांत एकदाही वाकून पाहिलं नाही.

द्राक्ष बागायतदारांना माझी कळकळीची विनंती आहे. मित्रकीटक विकत घ्या, पण तो कुठली कीड मारतो एवढ्यावर थांबू नका. ती कीड संपल्यावर तो काय खाणार, हे विकणाऱ्याला विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय तो बागेत सोडू नका.