समुद्राची साक्ष

वादळी समुद्राची चित्रे पाहण्याचा मला फार जुना नाद आहे. समुद्र प्रत्यक्ष खवळला म्हणजे खिडकी लावून घेणाऱ्यांपैकी मी. परंतु तोच चौकटीत बसविलेला असला की माझ्या अंगी विलक्षण धैर्य संचारते. टर्नरची १८४२ सालची हिमवादळात सापडलेली आगबोट किंवा १८८६ साली मोनेने फ्रान्सच्या किनाऱ्याजवळील बेल-ईल बेटावर रंगविलेले खडक, यांवर मी वर्गात तासच्या तास खर्ची घातले आहेत. पंधरा दिवसांसाठी गेलेला मोने तेथे दोन महिन्यांहून अधिक राहिला, हे सांगताना माझा आवाज असा चढतो की, त्याचे रंगसामान जणू मीच वाहून नेले होते!

गेल्या वैशाखात एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मोखाड्याकडे जाणे झाले. तो तिकडच्याच एका पाड्यावर शिक्षक आहे. जव्हारला मुकणे राजांचा जयविलास राजवाडा पाहून आम्ही पुढे निघालो, तो डोंगर हळूहळू उघडे पडू लागले. घर गाठताच विद्यार्थ्याच्या आईने पाय धुण्यासाठी अंगणात बादलीभर पाणी आणून ठेवले. पाय धुळीने माखले होते, ऊन मी म्हणत होते. मी ती बादली पार रिकामी केली आणि प्रसन्न चित्ताने आत जाऊन बसलो.

समोरच्या भिंतीवर जुन्या दिनदर्शिकेतून कापून काचेत बसविलेले एक चित्र होते. रविवर्म्याचे समुद्रगर्वहरण! खडकावर उभा असलेला, धनुष्य ओढलेला राम, वर काळवंडलेले आभाळ, खाली उसळलेल्या लाटा आणि त्यांतून हात जोडून वर येणारा वरुण. लहानपणी आमच्याही घरी हे चित्र होते. मी लगेच व्याख्यान सुरू केले. हे चित्र १९०६ सालचे, म्हणजे रविवर्म्याच्या अखेरच्या वर्षाचे. त्याच्या कित्येक चित्रांतील निसर्ग रंगविण्यात त्याचा धाकटा भाऊ राजवर्मा याचा हात असे. पण तो १९०५ सालीच वारला होता. तेव्हा या लाटांपुढे वृद्ध चित्रकार एकटाच उभा होता, असे मला नेहमी वाटत आले आहे. रामाच्या मुद्रेवरील क्षोभात काही नाटकीपणा आहे, हेही मी सांगून टाकले. प्राध्यापकाला दोष दाखविल्याखेरीज चैन पडत नाही!

इतक्यात आई डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन आत आली. भांडी उतरवून ती दाराशी टेकली व थोडा वेळ माझे बोलणे ऐकत राहिली. मग तिने विचारले, “गुरुजी, मग त्यानं बाण सोडला का?”

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हे विचारले नव्हते. मी वाल्मीकींची कथा सांगितली. राम तीन रात्री किनाऱ्यावर दर्भासनावर पडून राहिला. समुद्र दर्शन देईना, तेव्हा त्याने धनुष्य उचलले. समुद्र घाबरून प्रकट झाला, सेतूला कबूल झाला. पण चढविलेला बाण अमोघ. तो कोठे तरी टाकलाच पाहिजे. तेव्हा समुद्राने उत्तरेकडील द्रुमकुल्य नावाचा प्रदेश दाखविला. बाण तेथे पडला, भूमी शुष्क झाली आणि त्या प्रदेशाला मरुकांतार असे नाव मिळाले.

“तिथल्या लोकांनी काय केलं होतं?”

“ते पापी होते. आपलं पाणी ते पितात, त्यांचा स्पर्श आपल्याला सोसत नाही, अशी तक्रार होती.”

“कोणाची?”

“समुद्राची.”

“पाणीच प्यायले ना?” ती म्हणाली. पुढे रामाने त्या भूमीला गोधन, फळे, मध यांचा वर दिला, असे मी घाईघाईने सांगितले. पण तोवर ती चुलीकडे वळली होती.

मी चित्राकडे पुन्हा पाहिले. इतकी वर्षे माझे डोळे लाटांवर खिळलेले. त्या बाणाचे टोक कोणीकडे आहे, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

पहाटे विद्यार्थ्याबरोबर विहिरीवर गेलो. तळाशी एक बाई उतरलेली होती आणि कातळाच्या फटीतून झिरपणारे पाणी वाटीने भांड्यात भरत होती. वर हंड्यांची रांग. पावसाळ्यात या डोंगरांवर शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो. पण उतारावरचा कातळ त्याला थारा देत नाही आणि तो ओढ्यानाल्यांनी वैतरणेला मिळतो. वैतरणा अडविणारे, २०१४ साली पुरे झालेले मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात, कोचाळे गावाजवळ आहे. तेथील पाणी मुंबईला जाते. माझ्या स्नानगृहातील नळाचे आणि या विहिरीचे नाते असे आहे, हे मला भूगोलाच्या पुस्तकाने सांगितले असेलही. कळले मात्र तेथे, काठावर उभा असताना. कालची बादली किती खेपांची होती, हे विद्यार्थ्याला विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

परत आल्यावर तोंड धुण्यास मी अर्धाच तांब्या पाणी घेतले. आईने ते पाहिले, माझ्या हातातून तांब्या घेतला आणि काही न बोलता काठोकाठ भरून पुन्हा माझ्यापुढे ठेवला.